लाल मातीची पोती

४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते कुणाला सांगावं हेच कळत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. धाकट्या भावाला, चिकुरुला सांगितलं तर तो भांडायला उठेल. त्याच्या बायकोला, फाइदाला सांगावं तर तिचे दिवस भरत आलेत. उगाच धसका घेईल.

सकाळी मी कचेरी उघडली आणि वजनकाटा पुसत होते, तेवढ्यात ओंबेनी नावाचा रेतीचा दलाल आला. पांढरी स्वच्छ टोपी, पायात न मळलेले बूट. या चिखलात बूट कोरडे ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मागून डोक्यावर पोती घेतलेली माणसं आली. पोती काट्याशी उतरवली, तर गोणपाट बाहेरून लाल.

आमच्या लुबिंगाच्या डोंगराची माती राखेच्या रंगाची. लाल माती खिंडीपलीकडे, चिबांडावर. चिबांडा बंदूकवाल्यांच्या ताब्यात आहे. गावात त्यांचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'वरचे' म्हणतात.

माझं काम साधं आहे. लुबिंगाच्या खाणीतून काळी जड रेती येते, तिचं पोतं तोलायचं, तोंड आवळायचं आणि नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला अडकवायचा. बिल्ल्याशिवाय बुकावू शहरातला कुणी व्यापारी पोत्याला हात लावत नाही, कारण पुढे ज्या कारखान्यांत या रेतीचं काहीबाही फोनमध्ये जातं, ते बिल्ला विचारतात. वरच्यांच्या रेतीला बिल्ला द्यायचा नाही. त्यांच्या रेतीच्या पैशातून गोळ्या येतात.

मी म्हटलं, "ही पोती इथली नाहीत."

ओंबेनी हसला. म्हणाला, "तुम्ही शाळेत शिकवायचात ना, बाई? शिकलेल्या माणसाशी बोलायला बरं वाटतं. विचार करा. घाई नाही." मग बिल्ल्यांच्या पिशवीवर त्याने हात ठेवला, पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि पोती उचलायला सांगितलं. उचलणाऱ्यांपैकी एकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं घर जाळलं होतं. त्याचं मी काय बिघडवलं होतं?

माझ्या आधीचा बिल्लेवाला पासकाल पोट दुखतंय म्हणून बुकावूला गेला तो परतलाच नाही. त्याचं पोट कशाने दुखत होतं ते आज समजलं.

८ मार्च, शुक्रवार

बायकांचा सण. आम्ही सगळ्यांनी एकाच छापाच्या कापडाचे झगे शिवले होते. चर्चपासून बाजारापर्यंत गात गेलो. फाइदासुद्धा पोट सावरत चालली. बाजारात पोचलो तेव्हा चिकुरु खिंडीकडून उतरताना दिसला. चार रोज घरी नव्हता. विजार गुडघ्यापर्यंत लाल.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कुठे होतास? तर म्हणे पलीकडच्या गावी मित्राकडे. तिकडच्या वाटेला सगळी लालच माती, हे मलाही ठाऊक आहे. पण कसला मित्र? पलीकडे त्याची कुणीतरी बाई आहे, नक्की. बायको अशा अवस्थेत असताना.

फाइदा घरी आल्याबरोबर विजार घेऊन ओढ्यावर गेली आणि रंग उतरेपर्यंत घासत बसली. बाई अशी असावी की नाही, मला कळत नाही. मी तिच्या जागी असते तर विजारीसकट त्याला ओढ्यात ढकललं असतं.

११ मार्च, सोमवार

ओंबेनी पुन्हा आला, पुन्हा लाल पोती. मी पुन्हा नाही म्हटलं. आवाज कापला, पण म्हटलं. जाताना तो म्हणाला, "तुमचा भाऊ कामाला वाघ आहे, बाई." दोघं कुठे दारूच्या गुत्त्यावर भेटले असतील. चिकुरुला माणसांची पारख कधीच नव्हती.

संध्याकाळी झिहालिर्वाकाकांकडे गेले. ते खाणकऱ्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष, मला ही नोकरी त्यांनीच लावून दिली. त्यांनी बसवून घेतलं, केळ्याची बिअर पुढे केली. म्हणाले, तपासणीवाले पुढच्या महिन्यात येणार आहेत. एक जरी वाईट पोतं सापडलं तर सगळ्या लुबिंगावर फुली बसेल. मग इथल्या माणसांनी काय माती खायची? तू ठाम राहा पोरी, तू आहेस म्हणून आम्ही आहोत.

बरं वाटलं. येताना रस्त्यात मात्र दोनदा मागे वळून पाहिलं.

१२ मार्च, मंगळवार

कचेरीचं कुलूप जसंच्या तसं. आत सगळं जागच्या जागी. फक्त माझी खुर्ची बाहेर अंगणात होती, खिंडीकडे तोंड करून ठेवलेली.

खुर्ची आत आणली. दिवसभर तिच्यावर बसवलं नाही, उभीच राहिले.

१६ मार्च, शनिवार

चिकुरु आला तो वाकून चालत. आमच्या खाणीतल्या भुयारात फळी कोसळली म्हणे. फाइदाने पालथा निजवून पाठीला पाला बांधला. मी दिवा धरला होता. वळ एकाशेजारी एक, शेतातल्या सऱ्यांसारखे. फळीला कडा असतात, त्या रुतल्या असतील.

जेवताना, म्हणजे आम्ही जेवताना, तो पडूनच होता, एकदम म्हणाला, "ताई, एखाददुसरं पोतं बांधून दिलंस तर कुणाला कळणार आहे?"

माझा घास हातातच राहिला. म्हणजे ओंबेनीने याला गाठलं आहे. मी त्याला शाळेतल्या पोरांना झापायचे तसं झापलं. म्हटलं, तुला लाज नाही वाटत? तिकडे वर माणसांना गुरासारखं राबवतात, त्या रेतीला मी बिल्ला लावू? "ज्यांच्या पाठीवर फटके पडतात त्यांचा तरी विचार कर."

तो हसायला लागला. इतका हसला की खोकल्याची उबळ आली, आणि फाइदा कसावाच्या पिठाच्या बुगालीचं भांडं तसंच टाकून बाहेर निघून गेली. मी इतकं हसण्यासारखं काय बोलले?

१८ मार्च, सोमवार

आज ओंबेनीला परत पाठवताना माझा आवाज कापला नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला. रस्त्यावर माणसं बोलता बोलता मला पाहून गप्प होतात. नोकरीवाली म्हणून मान देतात, की आणखी काही?

चिकुरु पाठ बरी नसतानाही शुक्रवारपासून परत पलीकडे जाणार आहे. मी म्हटलं, जा, जा तिच्याकडे. फाइदाने ऐकलं.

२० मार्च, बुधवार

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

ओढ्यावर आम्ही दोघीच होतो. मी फाइदाला म्हटलं, तू त्याला एवढं मोकळं सोडू नकोस, त्या बाईचं नाव तरी काढून घे. ती कपडे पिळायची थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं कीव होती.

"बाई नाही हो, ताई," ती म्हणाली. "बाई असती तर मी मेणबत्ती लावली असती चर्चमध्ये."

मग तिने सांगितलं. आपल्या गावाच्या वरच्या आळीतल्या प्रत्येक घरातून एक गडी चिबांडावर जातो. ठरलेल्या दिवशी गेला नाही तर बंदूकवाले घरी येतात. वर भुयारं खणायची, रेती धुवायची, पोती खिंडीतून इथवर आणायची. कधीपासून? पासकाल असतानाच सुरू झालं होतं, तो बिल्ले देत होता. मग तो पळाला आणि मी आले.

"तुम्ही पोती परत पाठवता त्या दिवशी सगळ्यांना आडवं पाडून मारतात," फाइदा म्हणाली. अगदी सरळ आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, यांनीच मला शपथ घातली होती. ताईला कळलं तर ती बिल्ले देईल, आणि सापडली तर तुरुंगात जाईल. आमच्या घरात एक माणूस सरळ वाटेने चालतंय, ते चालू दे, असं म्हणाले.

मी तशीच ओढ्यात खाली बसले. फाइदानेच माझं तोंड धुतलं.

२१ मार्च, गुरुवार

झिहालिर्वाकाकांकडे गेले. वाटलं होतं, ऐकून ते हादरतील. त्यांनी आधी दार लोटलं आणि मग बसले.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"सगळ्यांना माहीत होतं, पोरी. तुला माहीत नव्हतं म्हणून तर तुझ्या हातून ते काम नीट होत होतं."

ते वाईट माणूस नाहीत. बोलताना त्यांचे डोळे भरले. म्हणाले, तपासणी होऊन जाऊ दे. डोंगर बंद पडला तर अख्खं गाव उपाशी पडेल, आणि उपाशी माणूस कुठे जाईल? चिबांडावरच ना? तेव्हा थोडे मार खातात ते खाऊ दे, म्हणजे बाकीचे जगतील. मी म्हटलं, त्या थोड्यांत तुमचा कोण आहे? त्यांची मुलं बुकावूला शिकतात.

चिकुरु उद्या जायचा आहे. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस, आपण तिघं निघून जाऊ. म्हणाला, मी गेलो नाही तर बिसिम्वाला माझ्या वाट्याचं बसेल. बिसिम्वा त्याचा भुयारातला जोडीदार. आणि फाइदाला या अवस्थेत कुठे फरफटवणार? मी त्याची क्षमा मागितली. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. मी त्याच्याहून मोठी आहे.

२५ मार्च, सोमवार

मी बिल्ले लावले.

चिकुरु रविवारी यायचा होता, आला नाही. सकाळी ओंबेनी आला. आज धमकी नाही, काही नाही. नुसतं म्हणाला, "ही पोती खाली गेली की भाऊ घरी येईल, बाई."

तोंड आवळायचं, बिल्ल्याची पट्टी खाचेतून ओढायची, कट्ट आवाज येतो. एकदा आवाज आला की कापल्याशिवाय निघत नाही. दर आवाजाला माझं अंग दचकत होतं. पोती उचलणाऱ्यांत तोच माणूस होता, पहिल्या दिवशी रागाने पाहणारा. आज त्याने मान खाली घालून नमस्कार केला. तो नमस्कार मला नको होता.

मला कुणाची भीती वाटते हेच आता नीट सांगता येत नाही. वरच्यांची, तपासणीवाल्यांची, की माझ्या हातांची? फार पटकन शिकले ते.

२६ मार्च, मंगळवार

चिकुरु आला. बसला, पाणी प्यायला, झोपला. बिसिम्वाला तिथेच ठेवून घेतलंय म्हणतो. मी पुढेही बिल्ले लावत राहावं म्हणून.

२ एप्रिल, मंगळवार

तपासणीवाले आले. एक घामाने भिजलेला गोरा साहेब आणि बुकावूच्या मापेंडो बाई. बाई आमच्याच भाषेत बोलतात, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटली. झिहालिर्वाकाकांनी कालच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. खाणीत डोक्यावर टोप्या, बोगद्याच्या तोंडाशी नवीन लाकूड, मुलं शाळेत. साहेब फोटो काढत होता.

कचेरीत मापेंडो बाईंनी विचारलं, कुणी दबाव आणतं का? काका दारात उभे होते. मी म्हटलं, नाही.

मग त्या लघवीला जायचं म्हणून उठल्या, मी वाट दाखवायला गेले. केळीच्या मागे थांबून त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या नाहीला दम नव्हता."

मी विचारलं, समजा कुणी हो म्हटलं, तर पुढे काय होतं? त्यांनी गोड बोलून फसवलं नाही, हे लिहून ठेवते. म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत लुबिंगा बंद. कदाचित वर्षभर.

"आणि चिबांडा?"

"तो आमच्याकडे आधीपासून बंद आहे. तिकडे कुणी जात नाही."

"तिकडे माणसं आहेत," मी म्हटलं.

ज्या पोत्याला बिल्ला नाही त्याचा विचार करायला ही माणसं आलीच नव्हती. मला वाटलं, गप्प राहावं. खरंच वाटलं. आम्ही परत अंगणात आलो, तिथे गाव गोळा झालं होतं, साहेब निघायच्या तयारीत होता, काका त्याचा हात हातात घेऊन हसत होते. आणि मी ऐकलं की कुणीतरी बोलतंय, आणि ती मीच होते.

मी म्हटलं, "गेल्या आठवड्यात सोमवारी मी चिबांडाच्या पोत्यांना बिल्ले लावले. माझा भाऊ तिकडे डांबला होता म्हणून. अजून माणसं आहेत तिथे. पोती लिहाल तशी ती पण लिहा."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, खाली मात्र काही उरलं नाही. गर्दीतून कुणीतरी मला अशी शिवी दिली की ती इथे लिहवत नाही. साहेब मापेंडो बाईंना विचारत होता, काय म्हणते ही? मला वाटलं, आता दगड येईल.

तेव्हा फाइदा पुढे आली. पोटावर हात धरून, धापा टाकत. म्हणाली, "चिकुरु, माझा नवरा. पाठ बघायची असेल तर घरी चला." तिच्यामागून नाबिंतु आली, तिला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाली, "बिसिम्वा. अजून वरच आहे." मग एक म्हातारी, तिने मुलाचं नाव घेतलं. मग आणखी बायका. वरच्या आळीतल्या सगळ्या. कुणी रडत नव्हतं. एकेक नाव घ्यायच्या आणि बाजूला व्हायच्या, चर्चमध्ये प्रसाद घेऊन बाजूला होतात तशा. मापेंडो बाई साहेबाला सांगत होत्या.

१३ एप्रिल, शनिवार

सैन्याच्या गाड्या खिंडीतून वर गेल्या. आम्ही सगळे दारं लावून बसलो. गोळीबार झालाच नाही. वरचे आधीच पसार झाले होते, त्यांना कुणी कळवलं असेल ते कळवलं असेल. दुपारी माणसं उतरायला लागली. लाल, डोक्यापासून पायापर्यंत लाल, ओळखू येईनात. बायका खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

नाबिंतु अंधार पडेपर्यंत उभी होती. बिसिम्वा आला नाही. कुणी म्हणतं जाताना त्याला ओझी वाहायला सोबत नेलं, कुणी आणखी काही म्हणतं.

फाइदाला मुलगी झाली. गाड्यांच्या आवाजाने कळा सुरू झाल्या.

२४ एप्रिल, बुधवार

लुबिंगा बंद. कचेरीला बाहेरून दुसरं कुलूप लागलं. माझी नोकरी गेली, तुरुंग मात्र चुकला, मापेंडो बाईंनी रदबदली केली म्हणतात. गाव हळूहळू मरतंय. खाणकरी ओट्यांवर बसून असतात. दुकानदार मीठ सुटं विकायला लागलाय. झिहालिर्वाकाका मला पाहून रस्ता बदलतात, आणि ज्यांचे नवरे परत आले त्या बायकासुद्धा माझ्याशी बोलत नाहीत. मी समजू शकते. नवरा मिळाला, पण त्याला वाढायला ताटात काही नाही, आणि दोन्ही गोष्टींना मीच कारण. चिकुरु म्हणतो, निघून जाऊ. पण कुठे?

१६ मे, गुरुवार

तळ्याकाठून सांबाझा, बारीक सुकी मासळी, आणून बाजारात विकते आहे. कुणी घेत नाही, पलीकडच्या गावचे घेतात तेवढेच. बाकीच्या बायका एका रांगेत बसतात, माझं फडकं मी जरा लांब अंथरते.

आज माझ्या फडक्यावर सावली पडली. वर पाहिलं तर ओंबेनी. तीच टोपी, तेच कोरडे बूट. मला वाटलं होतं तो वरच्यांबरोबर गेला. उकिडवा बसला, एक मासा उचलून नाकाशी नेला.

"कशा आहात, बाई? बाळ कसं आहे? मुलगी ना?"

मी मासे एकाजवळ एक लावत राहिले. तो म्हणाला, "भाऊ आता कुठे कामाला जातो? नुसतं विचारतोय. लोकांना नवीन काम द्यावं म्हणतो."

तेव्हा रांगेतून नाबिंतु उठली. तिच्यासमोर टोमॅटोचे वाटे होते, ते तसेच ठेवून ती आली आणि माझ्या उजव्या अंगाला उभी राहिली. मग कसावावाली आली. मग ती म्हातारी, काठी टेकत. मग सगळीच रांग. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कुणी माझ्याशी बोललं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की त्यांच्या झग्यांना लागलेला धुराचा वास मला येत होता. ओंबेनी उकिडवाच होता, त्याला वर पाहायला मान वाकडी करावी लागली.

त्याने मासा परत ठेवला. उठला, टोपी नीट केली आणि चालत गेला, सावकाश, पण गेला.

नाबिंतु परत टोमॅटोंमागे जाऊन बसली. बाकीच्याही गेल्या. मी तिला हाक मारली, तिने मान वळवली नाही. तिच्या नवऱ्याचं काय झालं हे बहुतेक त्या माणसाला ठाऊक असेल, आणि तिने त्याला ते विचारलं नाही. माझ्याशेजारी उभं राहण्यात ती संधी गेली.

तो परत येईल. पुढच्या गुरुवारी नाही तर त्यापुढच्या. हे लिहितानाही दाराकडे लक्ष आहे. पण पुढच्या बाजाराला फडकं त्या रांगेतच अंथरणार आहे, नाबिंतुच्या बाजूला. नको म्हणाली तर उठेन.